विमानाची वाट आणि शिदोरीचें ओझें



प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातीं कांहींतरी बांधून देणें ही आपल्या कोंकणांतील फार जुनी चाल आहे. मुलगा नोकरीला निघो, लेक सासरीं निघो किंवा नातू परदेशीं शिकावयास निघो, त्याच्याबरोबर थोडेंसें घर निघतेंच. चार नारळ, किलोभर आमसुलें, कुळथाचें पीठ, आंबापोळी, लोणच्याची बरणी, आणि हंगाम असेल तर हापूसची पेटी, एवढें दिल्यावांचून आपल्या घरांतील वडील मंडळींचें समाधान होत नाहीं. मुंबईच्या बोटींनीं हें ओझें निमूटपणें वाहिलें. पुढें एस. टी.च्या टपानें तें वाहिलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला, तेव्हांपासून बाकाखालची जागा त्याच्या कामीं आली. या तिन्ही वाहनांनीं आपल्या शिदोरीला सहसा हरकत घेतली नाहीं.

विमान मात्र हरकत घेतें. तें वजन पाहतें, आकार पाहतें, पदार्थ पाहतें, आणि पदार्थ नियमांत बसत नसेल तर तो येथेंच टाकून चला असें सांगतें. मुंबईकराची वस्तु अशी अडली तर त्याला पोंचवावयास आलेला भाऊ ती घरीं परत नेऊं शकतो. परंतु रत्नागिरीहून सव्वातीनशेंहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून एकट्यानें गेलेल्या वृद्ध आईनें ती कोणाच्या हातीं परत द्यावी? रत्नागिरीस धांवपट्टी आहे; परंतु परदेशचें किंवा दूरच्या शहराचें विमान गांठण्यासाठीं आपल्या लोकांस आजवर मुंबईची किंवा गोव्याची वाट धरावी लागत आली आहे. घरच्या तुपाची बरणी तेथें पिंपांत टाकावी लागते, तेव्हां तुपाच्या किंमतीचें दुःख होत नाहीं. चार दिवस खपून तें कढविणाऱ्या हातांचें दुःख होतें.

म्हणून माझें म्हणणें असें कीं, विमानाचे नियम हे विमानतळावर शिकावयाचे नियम नव्हेत. घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वीं, स्वयंपाकघरांत बसून ते शिकले पाहिजेत. आणि नियम नुसता पाठ केल्यानें टिकत नाहीं, त्याचें कारण कळलें म्हणजे टिकतो, असा शाळेंत अनेक वर्षें शिकविल्यावरचा माझा अनुभव आहे. तेव्हां आज नियमांबरोबर त्यांचीं कारणेंही सांगण्याचा विचार आहे.

प्रथम वजनाचा नियम घेऊं. उतारूच्या सामानाचे दोन भाग होतात. एक, विमानाच्या पोटांत जाणारें. दुसरें, आपल्याबरोबर वर येणारें हातसामान. देशांतल्या देशांत जातांना विमानकंपन्या साध्या तिकिटावर बहुधा १५ किलो सामान पोटांत घेतात आणि ७ किलोंची एकच पिशवी हातीं ठेवूं देतात. या पिशवीचें मापही ठरलेलें असतें. पुष्कळ कंपन्यांचें माप ५५, ३५ व २५ सेंटिमीटर असें आहे. स्त्रियांना हातांतली लहान पर्स निराळी ठेवतां येते. कांहीं कंपन्या पोटांतल्या सामानाचाही एकच नग मागतात. दोन पेट्या झाल्या तर दोहोंचें मिळून वजन १५ किलोंच्या आंत असलें तरी दुसरीचे वेगळे पैसे पडतात. परदेशाच्या प्रवासांत बहुधा एका नगास २३ किलोंची मर्यादा असते, आणि ३२ किलोंहून जड असा एकच नग सहसा कोणतीही कंपनी घेत नाहीं, कारण तो उचलणाऱ्या हमालाच्या पाठीचाही विचार करावा लागतो. प्रत्येक तिकिटावर त्या तिकिटापुरती मर्यादा लिहिलेली असते. शेजाऱ्यानें गेल्या वर्षीं किती नेलें हा पुरावा काउंटरवर चालत नाहीं. तिकिटावर काय लिहिलें आहे तेवढेंच चालतें.

कोणी म्हणेल, एवढें अजस्र विमान, त्याला माझे दोन-तीन किलो जड कां व्हावे? आपण पाटी घेऊन हिशेबच करूं. आपल्याकडे नेहमीं दिसणारें एअरबस ए-३२० जातीचें विमान १८० आसनांचें धरा. प्रत्येकाचे १५ आणि ७ मिळून २२ किलो. एकशें ऐंशीं गुणिले बावीस, म्हणजे ३,९६० किलो. केवळ परवानगीचें सामानच जवळजवळ चार टन झालें. आतां प्रत्येकानें माझे तीनच किलो तर जास्त आहेत असें म्हटलें, तर ५४० किलो वाढले. म्हणजे पंचाहत्तर किलोंचीं सात माणसें तिकिटावांचून आंत येऊन बसलीं. त्यांना उचलावयास इंधन पाहिजे, आणि त्या इंधनालाही वजन आहेच. उन्हाळ्यांत हवा विरळ झाली कीं विमानाला तीच उचल मिळविण्यासाठीं अधिक वेग आणि अधिक धांवपट्टी लागते. किती वेगानें उचलावें, किती पट्टी लागेल, हें सारें गणित वैमानिक वजनावरून मांडतो. त्यांत उतारूंचें व त्यांच्या हातसामानाचें वजन सरासरीनें धरलेलें असतें. ती सरासरी आपण सर्वांनीं पाळली तरच खरी ठरते. हातांतली पिशवी हलकी आहे असा चेहरा करून बारा किलो आंत नेणारा गृहस्थ काउंटरवरच्या मुलीस फसवीत नाहीं. तो वैमानिकाचें गणित चुकवितो.

वजनाइतकाच तोलाचा प्रश्न असतो. खाडीच्या तरींत बसलेल्या माणसाला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. तरवाला कोणाला पुढें बसवितो, कोणाला मागें सरकवितो, तें उगाच नव्हे. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट वादळांत काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ही आठवण आपल्या किनाऱ्यावरील घरांतून अजून निघते. पाण्यावर एकदां कललेलें वाहन सावरावयास क्वचितच वेळ मिळतो. आकाशांत तर तोल ढळूं देऊन चालतच नाहीं. म्हणून पोटांतलें सामान कोणत्या भागांत किती भरावें याचा लेखी आराखडा प्रत्येक उड्डाणापूर्वीं केला जातो. विमानें लहान होतीं त्या काळीं तर सामानाबरोबर उतारूलाही कांट्यावर उभें करीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस जें विमान आणलें, त्यांत टपाल होतें, उतारू नव्हता. त्या काळाच्या मानानें आजच्या २२ किलोंस कृपणपणा म्हणतां येणार नाहीं.

हें ओझें घरीं तोलण्याची युक्ति सोपी आहे. ज्यांच्याकडे माणसाचें वजन करण्याचा कांटा आहे त्यांनीं आधीं स्वतः त्यावर उभें राहावें, मग बॅग हातीं घेऊन उभें राहावें, आणि वजाबाकी करावी. कांटा नसेल तर वाण्याच्या दुकानांत तो मिळतोच. दोन गोष्टी मात्र विसरूं नयेत. रिकाम्या बॅगेलाही वजन असतें. चाकांची मोठी बॅग रिकामीच तीन-चार किलो भरते. आणि आंबा हलका नाहीं. पाव किलोचा एक धरला तर डझनास तीन किलो होतात. पंधरा किलोंच्या मर्यादेंत चार डझन आंबे व खोका घातला कीं कपड्यांना जागा उरत नाहीं. वजन अधिक होणार हें आधींच दिसत असेल तर जादा किलोंचे पैसे घरूनच भरावे. ऐन वेळीं काउंटरवर भरण्यापेक्षां ते बहुधा स्वस्त पडतात.

आतां सुरक्षेच्या तपासणीकडे वळूं. आपल्या पिशव्या यंत्रांतून जातात, आपण चौकटींतून जातों, आणि पोलादी टोपणाची डबीसुद्धां उघडून दाखवावी लागते, तेव्हां कित्येक सभ्य माणसांस तो आपला अपमान वाटतो. मला चोर समजतां काय, असा प्रश्न त्यांच्या ओठांवर येतो. परंतु यांतील प्रत्येक नियमाला त्याची जन्मतारीख आहे, आणि त्यांपैकीं कांहीं तारखांस सुतक आहे.

लहान मुलाच्या हातांतील खेळण्याचें पिस्तूल विमानांत नेऊं देत नाहींत, याचें आईबापांना हंसूं येतें. ३० जानेवारी १९७१ रोजीं श्रीनगरहून जम्मूस निघालेलें इंडियन एअरलाइन्सचें ‘गंगा’ नांवाचें विमान दोघांनीं धाक दाखवून लाहोरला नेलें. उतारू सुटल्यावर तें जाळून टाकण्यांत आलें. त्या दोघांजवळचें पिस्तूल खोटें होतें आणि हातबाँबही खोटा होता. आकाशांत खऱ्या-खोट्याची पारख कोण करणार? म्हणून तें खेळणें पोटांतल्या सामानांत टाकावें किंवा घरीं ठेवावें. पुढें १० सप्टेंबर १९७६ रोजीं आणखी एक विमान पळविलें गेलें. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्यें नागरी विमान सुरक्षेचा वेगळा विभाग निघाला.

सर्वांत दारुण तारीख २३ जून १९८५ ही होय. कॅनडाहून लंडनमार्गे भारताकडे येणारें एअर इंडियाचें ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलें आणि त्यांतील ३२९ जीव गेले. बाँब होता तो पोटांत टाकलेल्या एका बॅगेंत. ती बॅग व्हँकूव्हरला चढविली गेली. ज्याच्या नांवाची होती तो मनुष्य विमानांत बसलाच नव्हता. टोरोंटोच्या विमानतळावरील सामान तपासण्याचें क्ष-किरण यंत्र त्या दिवशीं बिघडलें होतें. आज एखादा उतारू सामान देऊन वेळेवर विमानांत चढला नाहीं तर सगळें विमान खोळंबवून त्याची बॅग शोधून खालीं उतरवितात. आंत बसलेले लोक चडफडतात. त्यांनीं ही बॅग आठवावी. १९८७ सालीं तो सुरक्षा-विभाग स्वतंत्र करण्यांत आला. पुढें २४ डिसेंबर १९९९ रोजीं काठमांडूहून दिल्लीला निघालेलें विमान कंदाहारला नेलें गेलें, आणि त्यानंतर, फेब्रुवारी २००० मध्यें जयपूरपासून सुरुवात करून, आपले विमानतळ केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोंपविले जाऊं लागले. दाराशीं ओळखपत्र पाहणारा जवान तेथें आला तो असा.

पातळ पदार्थांचा नियम त्यामानानें अलीकडचा आहे. ऑगस्ट २००६ मध्यें लंडनला एक कट उघडकीस आला. पेयांच्या बाटल्यांतून स्फोटक द्रव नेऊन अटलांटिकवर विमानें उडवावयाचीं, असा तो बेत होता. तेव्हांपासून परदेशाच्या विमानांत हातसामानांतील कोणतीही बाटली १०० मिलिलिटरांहून मोठी चालत नाहीं, आणि अशा सर्व बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवींत बसाव्या लागतात. येथें बाटलीचें माप पाहतात, आंतील पदार्थाचें नव्हे. दोनशें मिलिलिटरांच्या बाटलींत तळाशीं दोन चमचे तेल असलें तरी ती नियमाबाहेरच जाते. पातळ म्हणजे केवळ पाणी नव्हे. तूप, मध, मोरंबा, श्रीखंड, तेलांतलें लोणचें, कोकमाचें आगळ, केसांचें तेल, दंतमंजनाची ओली नळी, हीं सर्व यांत येतात. बाळाचें दूध आणि लागतील तेवढीं औषधें यांस सवलत असते. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी मात्र ठेवावी.

आतां आपल्या स्वयंपाकघरांतील कांहीं खास वस्तु पाहूं. पानाच्या डब्यांतील अडकित्ता ही पहिली. आजोबांच्या दृष्टीनें तें सुपारीचें साधन आहे. यंत्राच्या दृष्टीनें तें दोन पात्यांचें हत्यार आहे. अडकित्ता, सुरी, कात्री, विळी, नारळ सोलण्याचें हत्यार हें सारें पोटांतल्या सामानांत, कागदांत नीट गुंडाळून द्यावें. आगपेटी, लायटर, कापूर आणि फुलबाज्या मात्र हातांतही नकोत आणि पोटांतही नकोत. गणपतीसाठीं दुसऱ्या शहरांत जाणाऱ्यांनीं पूजेचें साहित्य बांधतांना हें विशेष ध्यानांत धरावें. कापूर सगळीकडे विकत मिळतो.

दुसरी वस्तु नारळ. ओला नारळ पोटांतल्या सामानांत द्यावा, हातीं ठेवूं नये. सुक्या खोबऱ्याचा गोटा तर नेऊंच नये. याचें आश्चर्य वाटेल, पण कारण पक्कें आहे. सुक्या खोबऱ्यांत तेल फार. बंद जागीं, उष्णतेंत, त्या तेलाचा हवेशीं संयोग होऊन खोबरें आंतल्या आंत तापत जातें आणि कधीं कधीं आपोआप पेट घेतें. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादींत खोबऱ्याला १३६३ हा स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. गलबतांच्या मोठ्या साठ्यांत हा धोका अधिक हें खरें. पण विमानाच्या पोटांत कोणीही धोका पत्करीत नाहीं.

खोबऱ्यापेक्षांही आज अधिक काळजी घ्यावयाची ती फोन भरण्यासाठीं आपण खिशांत बाळगतों त्या पॉवर बँकेची. येथें नियम उलटा आहे, आणि म्हणूनच लोक चकतात. इतर धोक्याच्या वस्तु हातीं नको, पोटांत द्या. पॉवर बँक मात्र पोटांत अजिबात नको, हातींच ठेवा. तिच्यांतील लिथियमच्या घटाला मार बसला किंवा आंतून दोष उत्पन्न झाला तर तो धुमसतो आणि त्याची आग विझविणें कठीण जातें. माणसांत असतां धूर दिसेल व सेवक धांवून येतील. खालीं पोटांत कोण पाहणार? यासाठीं १०० वॅट-तासांची मर्यादा आहे. बाजारांत ती मिलि-अँपिअर-तासांत सांगतात. ३·७ व्होल्टनें गुणून हजारानें भागलें कीं वॅट-तास मिळतात. म्हणजे २०,००० ची पॉवर बँक ७४ वॅट-तासांची झाली, ती चालेल. ज्या पॉवर बँकेवरील अक्षरें पुसलीं आहेत ती अडविली जाऊं शकते. जानेवारी २०२५ मध्यें दक्षिण कोरियांतील बुसान येथें उभ्या विमानास आग लागली. आसनांच्या वरच्या कप्प्यांत ठेवलेल्या पॉवर बँकेपासून ती लागली असावी असा संशय व्यक्त झाला. तेव्हां ती वरच्या कप्प्यांत न ठेवतां जवळ, नजरेसमोर ठेवणें शहाणपणाचें आहे.

यानंतर जी गोष्ट सांगावयाची आहे ती आपल्या स्वभावाच्या आड येणारी आहे. कोणी मुंबईस किंवा दुबईस निघालें कीं आळींतली माणसें येतात. एवढा डबा आमच्या बाळूला पोंचव, असें म्हणतात. नाहीं म्हणणें आपल्याला जड जातें. तथापि विमानप्रवासांत परक्याची बांधलेली वस्तु घेऊं नये, आणि आप्ताची घ्यावयाची तर ती त्याच्यादेखत उघडून, पाहून, आपल्या हातानें पुन्हां बांधावी. २०१९ सालीं मुंबईहून कतारला गेलेल्या एका दांपत्याच्या सामानांत नात्यांतीलच व्यक्तीनें दिलेल्या पुडक्यांत चार किलोंहून अधिक चरस निघाला. त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यांचें निर्दोषत्व सिद्ध होऊन सुटका व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें. काउंटरवर आपल्याला विचारतात, हें सामान आपण स्वतः बांधलें काय? त्या प्रश्नाला आपण सवयीनें होय म्हणतों. तें उत्तर म्हणजे एक प्रकारची साक्षच असते, हें विसरूं नये.

आणि जेथें जावयाचें त्या देशाचा कायदाही पाहिला पाहिजे. दिवाळीच्या फराळांतील अनारसा हा किती निरुपद्रवी पदार्थ! परंतु त्यावर खसखस असते. संयुक्त अरब अमिरातींत आणि सिंगापुरांत खसखशीला मनाई आहे, कारण ती अफूच्या बोंडाचें बीं आहे. दुबईच्या लेकीला चकल्या पाठवाव्या, कडबोळीं पाठवावीं; अनारसे येथेंच खावे. विड्याचीं पानेंही तेथें नेऊं नयेत. ताज्या फळांची कथा निराळी. अमेरिकेनें भारतीय आंब्याला २००७ सालीं पुन्हां दार उघडलें, तें फळांवर विकिरणाची प्रक्रिया करण्याची अट घालून. त्या कामीं लासलगांवचें केंद्र उपयोगी पडलें. याचा अर्थ, आपल्या बागेंतील पाडाचा हापूस बॅगेंत घालून तेथें नेतां येत नाहीं. युरोपीय संघानें १४ डिसेंबर २०१९ पासून उतारूंच्या सामानांतील ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागू केला. त्यांतून अननस, केळें, नारळ, खजूर आणि डुरियन हीं पांचच फळें सुटलीं, आंबा सुटला नाहीं. याचा राग धरूं नये. फळमाशीसाठीं आपले बागाईतदार झाडोझाडीं सापळे टांगतात. ती माशी आपल्या देशांत येऊं नये असें दुसऱ्या देशासही वाटणारच. आंबापोळी, पापड, पीठ, मसाला अशा टिकाऊ पदार्थांस बहुधा अडचण येत नाहीं. मात्र उतरतांना जो जाहीरनामा भरावयाचा असतो त्यांत खाद्यपदार्थ आहेत असें स्पष्ट लिहावें. लिहून दाखविलेली वस्तु फार तर काढून घेतात. लपविलेल्या वस्तूला दंड होतो.

इतकें करूनही सामान हरवलें तर? तर विमानतळ सोडण्यापूर्वीं, पट्ट्याजवळच्या कक्षांत जाऊन, लेखी तक्रार नोंदवावी आणि तिची प्रत घ्यावी. बॅगेबरोबर मिळालेली चिकटपट्टीची पावती यासाठींच जपावयाची असते. आंतरराष्ट्रीय प्रवासांत मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांत, आणि उशिरां मिळालेल्या सामानाची एकवीस दिवसांत करावी लागते. १९९९ च्या माँट्रियल करारानें ही मुदत घातली आहे. भरपाईलाही मर्यादा असते. देशांतर्गत प्रवासांत ती एका उतारूस २०,००० रुपयांपर्यंत आहे. यावरून उघड होतें कीं मंगळसूत्र, रोकड, घराच्या किल्ल्या, मूळ कागदपत्रें आणि रोजचीं औषधें हीं पोटांतल्या सामानांत कधींही घालूं नयेत.

शेवटीं दोन शब्द दुसऱ्या बाजूसही सांगितले पाहिजेत. नियम योग्य असला तरी तो सांगण्याची रीत योग्य असतेच असें नाहीं. नऊवारी नेसलेली बाई आयुष्यांत प्रथमच विमानतळावर उभी असते. तिला इंग्रजींत दोनदां ओरडून सांगितल्यानें समजत नाहीं, मराठींत एकदां हळू सांगितल्यानें समजतें. तिकिटाबरोबर नियमांचा एक मराठी कागद देणें कंपन्यांना अवघड नाहीं. निरनिराळ्या कंपन्यांच्या वजनांत जो फरक असतो, तोही मोठ्या अक्षरांत छापावयास हरकत नसावी. ज्याला वाचतां येतें त्याच्याकडून नियमपालनाची अपेक्षा करण्याचा अधिकार, नियम वाचतां येईल असा लिहिणाऱ्यालाच असतो.

तोंवर हें काम घरांतील शिकलेल्या मुलामुलींनीं करावें. आजी बांधाबांध करीत असेल तेव्हां तिच्याजवळ बसून तिकीट वाचून दाखवावें, कांटा आणावा, लोणच्याची बरणी हातसामानांतून काढून कपड्यांच्या मध्यें, पिशव्यांत घट्ट बांधून ठेवावी, अनारशांच्या जागीं कडबोळीं घालावीं. हें नको आणि तें नको एवढेंच सांगितलें तर तिचें मन दुखावेल. याऐवजीं हें ने, असें सांगितलें तर ती आनंदानें ऐकेल. पंधरा किलोंत पुष्कळ घर मावतें. फक्त तें मांडणाऱ्यानें आधीं मोजलें पाहिजे.